पुलाअलीकडची शिदोरी

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, तर माझ्या खुर्चीवर बुटांचा खोका. चारही बाजूंनी आवळलेली पांढरी सुती दोरी आणि वर मिस लूव्हीची ती गाठ, जी दातांनीसुद्धा सुटत नाही. आतून तळलेल्या चिकनचा वास येत होता. खोका अजून कोमट होता.

दुसऱ्या कुठल्या गावात न्हाव्याला असं आयतं जेवण मिळालं असतं, तर त्याने देवाचे आभार मानून ताव मारला असता. पाइनवेलमध्ये मला घाम फुटला. कारण आमच्याकडे मिस लूव्हीचा खोका ज्याच्या हातात पडतो, तो गाव सोडून निघालेला असतो. आणि मी तर कुठेच निघालो नव्हतो! या मिसिसिपीत जन्मलो, इथेच टक्कल पडलं, चर्चमागच्या दफनभूमीत बापाशेजारची जागासुद्धा ठरलेली आहे.

माझं दुकान म्हणजे जुन्या स्टेशनची सामानखोली. माझा बाप वॉर्डेल याच खोलीत लोकांच्या ट्रंका उचलायचा. मी सैन्यातून परत आलो आणि पुढल्याच वर्षी शेवटची प्रवासी गाडी गेली. आता मालगाड्या तेवढ्या जातात. भोंगा वाजवतात पण थांबत नाहीत, श्रीमंत नातेवाइकांसारख्या. सामान तोलायचा काटा अजून कोपऱ्यात आहे. गिऱ्हाइकं त्यावर उभी राहतात आणि काटा बिघडलाय म्हणून मला शिव्या घालतात. तिकिटाच्या खिडकीच्या गजांवर मी टॉवेल वाळत घालतो. पलीकडे गोऱ्यांची एक आणि आम्हा काळ्यांची एक अशा दोन बसायच्या खोल्या होत्या. मधली भिंत कधीच पाडली, तिथे आता खताची पोती ठेवतात. पण जुनी माणसं खत न्यायला आली की अजून आपापल्याच दारातून आत शिरतात.

फलाटावर एक बाक उरलंय. मिस लूव्हीची गोष्ट तिथून सुरू होते.

गाड्या होत्या त्या काळी जेवणाच्या डब्यात आमच्या लोकांना मज्जाव होता. शिकागोला निघालेल्या माणसाने खायचं काय? घरून न्यायचं. बुटांच्या खोक्यात मेणकागद घालून त्यात चिकन, उकडलेली अंडी, बिस्किटं, पाउंड केकचा तुकडा आणि कागदाच्या पुडीत मीठ. ज्याच्या घरी करणारं कोणी होतं त्याला घरचा खोका. ज्याच्या घरी कोणी नव्हतं त्याला मिस लूव्हीचा. पुढे पुढे ज्यांच्या घरी होतं तेही तिच्याकडेच मागायला लागले. दिवसभर ती लोकांचे कपडे इस्त्री करायची आणि गाडीच्या वेळेला खोका घेऊन आमच्या डब्याच्या खिडकीखाली उभी. उंच, काटकुळी, डोक्यावर पुरुषी हॅट. पैसे देऊ केले तर अशी बघायची की माणूस हात खिशातच विसरायचा.

तिचा नियम एकच. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत झाकण उघडायचं नाही. पुलाच्या अलीकडे जो उघडतो तो परत येतो. म्हणून ती गाठ तशी. "गेलेल्याने गेलं पाहिजे," ती म्हणायची. "अर्धवट गेलेला माणूस ना इकडचा ना तिकडचा." फलाटावर उभ्या असलेल्या आया मात्र मनातल्या मनात प्रार्थना करायच्या, की देवा, माझ्या पोराला लवकर भूक लागू दे.

गाड्या बंद झाल्या, खोके नाही झाले. कोणी बसने गेलं, कोणी सैन्यात गेलं, कोणी मोटारीने गेलं, मिस लूव्ही खोका घेऊन हजर. माझी मुलगी अटलांटाला कॉलेजला निघाली तेव्हा वाटेत दर वळणावर हॅम्बर्गर मिळत होते. तरी मांडीवर खोका. पुलापर्यंत तिने त्याला बोटसुद्धा लावलं नाही, आणि मी गाडी चालवताना चोरून चोरून बघत होतो की लावते का.

आता प्रश्न असा, की एवढ्यांना पाठवणारी ही बाई स्वतः का गेली नाही? तिचा धाकटा भाऊ एझेल शिकागोला गेला, तिथे त्याने खोली घेतली, बहिणीला बोलावलं. तिने स्वतःचा खोका बांधला, रविवारची हॅट घातली आणि या बाकावर येऊन बसली. त्या दिवशी गाडीला उशीर झाला. गाडी आली तेव्हा लोकांनी पाहिलं, तर खोका मांडीवर उघडा आणि मिस लूव्हीच्या हातात कोंबडीची तंगडी. गार्डने हाक मारली. तिने रुमालाला बोटं पुसली, झाकण लावलं आणि रूळ ओलांडून घरी गेली. कोणी म्हणतं, तिचं इथे कोणावर तरी मन होतं. कोणी म्हणतं, घाबरली. तिला विचारलं तर एकच उत्तर, "भूक लागली होती." बास. यापुढे त्या विषयावर तिच्याकडून आजवर कोणाला काही मिळालं नाही.

तर अशा बाईचा खोका माझ्या खुर्चीवर.

पहिला आला डूली. म्हातारा आहे, डोक्यावर केस नाहीत, तरी रोज हजामतीला येतो. त्याने खोका पाहिला आणि दारातच थबकला.

"कुठे निघालास रे हॉलिस?"

"कुठे नाही."

"असं कसं? खोका आलाय म्हणजे निघालायस. अर्लीनने हाकललं का?"

"अरे बाबा, मी कुठेही जात नाहीये!"

"बरं बरं, नको सांगूस. आम्ही काय परके." असं म्हणून तो जो बाहेर पडला, तो दुपारपर्यंत माझ्या प्रयाणाची बातमी गावभर झाली. संध्याकाळी घरी गेलो तर अर्लीन कमरेवर हात ठेवून उभी.

"इतकी वर्षं संसार केला आणि मला शेवटी डूलीकडून कळावं?"

"अगं, काय कळावं? मलाच काही माहीत नाही!"

"तुला कधी काय माहीत असतं म्हणा," ती म्हणाली आणि रडायला लागली. खोका मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. उघडायची आमची दोघांचीही छाती झाली नाही. आता हसू येतं, पण त्या रात्री मला अंथरुणात पडून खरोखर वाटत होतं, की आपण कुठेतरी जाणार आहोत आणि ते आपल्यालाच कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड गॅडिसना खोका आला, थेट चर्चच्या व्यासपीठावर. झालं! गावात चर्चा सुरू, की मेम्फिसच्या कुठल्या तरी मोठ्या चर्चने त्यांना बोलावलंय. ते बिचारे जीव तोडून नाही म्हणत होते, आणि ते जितकं नाही म्हणत तितकी लोकांची खात्री वाढत होती. जी माणसं त्यांच्या लांबलचक प्रवचनांना जांभया द्यायची, तीच डोळे पुसत म्हणायला लागली, असा उपदेशक पुन्हा मिळणार नाही. शेवटी ते माझ्या दुकानात आले आणि दार लावून घेतलं.

"हॉलिस, खरं सांग. मला कुठून बोलावणं आलंय आणि मला कळवायचं राहिलंय, असं काही तुझ्या कानावर आहे का?"

मी डोक्याला हात लावला.

मग गुरुवारी डूली दिसेना. मी त्याच्या घरी गेलो तर स्वारी पांघरूण घेऊन पडलेली, उशाशी खोका. "माझ्या वयाच्या माणसाला खोका आला म्हणजे पुढचं स्टेशन एकच," तो म्हणाला. मी पाहिलं, दोरी कात्रीने कापलेली, आत नुसती हाडं.

"हे काय? खाल्लंस?"

"मग? लगेच खाल्लं. पुलाच्या अलीकडेच आहे ना मी? आता परत यावंच लागेल!"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण घरी येताना हसू ओसरलं. कारण अर्लीन जे म्हणाली ते माझ्याही मनात होतं, फक्त मी ते तोंडावर येऊ देत नव्हतो.

"हॉलिस, मिस लूव्हीचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही रे. कोण जातं आणि कोण राहतं हेच तिला कळेना झालंय. ती एकटी त्या चुलीपाशी उकळत्या तेलाची कढई घेऊन उभी असते. उद्या घर पेटलं तर?"

अर्लीनने शिकागोला फोन केला. एझेल वारला होता, पण त्याची मुलगी व्हर्नेल होती, शाळेतून निवृत्त झालेली. शनिवारी ती गाडी चालवत आली. आत्याच्या गळ्यात पडली, फ्रीज उघडून पाहिला, शेगडीची बटणं तपासली आणि सोमवारी माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर बसली.

"हॉलिस, तुम्ही तिला रोज बघता. ती ठीक असेल तर मी हात जोडून परत जाते. ठीक नसेल तर मी तिला घेऊन जाणार. मग रडली तरी नेणार, ओरडली तरी नेणार. बाबांच्या मागे माझं म्हणावं असं तेवढं एकच माणूस उरलंय. तुम्ही सांगाल ते मी मानेन."

म्हणजे त्या म्हातारीचं घर, तिची चूल, हे रूळ, सगळं माझ्या जिभेवर ठरणार होतं. आणि माझी जीभ तर केस कापताना हवापाण्यावर बोलायची, याहून मोठं काम तिला कधी पडलं नव्हतं.

मी मिस लूव्हीकडे गेलो. स्वयंपाकघरात छतापर्यंत बुटांचे खोके रचलेले. ती कढईत चिकन सोडत होती, हात स्थिर, तेलाचा एक थेंब बाहेर नाही.

"ये बाळा. खाल्लंस का ते?"

"नाही मिस लूव्ही. मी कुठे जात नाहीये, म्हणून उघडलं नाही."

"माहितीये तू जात नाहीयेस. तू कुठे जाणार? तुला शेजारच्या तालुक्यात वाट सापडत नाही."

मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्ची ओढून बसलोच. "मग मला खोका कशाला?"

"जाणाऱ्याला सगळे देतात. राहणाऱ्याला कधी कोणी दिलाय? गाडी गेल्यावर फलाटावरून घरी जायचं असतं ना, तेव्हा पोटात कसा खड्डा पडतो! मी एवढ्या जणांना खिडकीतून खोके दिले आणि मागे उभ्या असलेल्या बायांच्या हातात काही म्हणून ठेवलं नाही. आता देतेय. उशीर झाला, पण देतेय."

बाई पूर्ण शहाणी आहे, आम्हीच सगळे मूर्ख, हे व्हर्नेलला सांगायला मी उठलोच होतो. तेवढ्यात मिस लूव्हीने कढईवरून मान वर केली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आणि हे बघ वॉर्डेल, शिकागोच्या गाडीला आज उशीर आहे का ते विचारून ये. एझेल उगाच उन्हात उभा राहील."

मी परत खाली बसलो. वॉर्डेल म्हणजे माझा बाप.

"मिस लूव्ही, मी हॉलिस."

"तेच तर म्हणाले मी," ती म्हणाली आणि चिकन उलटलं.

आता याचं काय करायचं? त्यातलं खरं कुठलं, पहिलं की दुसरं? की दोन्ही? तिने मला ताक आणि मक्याची भाकरी दिली, डूलीच्या तब्येतीची अगदी बारकाईने चौकशी केली, रेव्हरंडची नक्कल करून मला हसवलं. निघताना दारात म्हणाली, "वॉर्डेलला नमस्कार सांग." म्हणजे मी वॉर्डेल नव्हतो हे पुन्हा कळलं होतं. पण वॉर्डेलला जाऊन किती वर्षं झाली, ते कळलं नव्हतं.

व्हर्नेलने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला माहीत नाही." दुसरं काय म्हणणार? ठीक आहे म्हटलं आणि घर पेटलं तर? ठीक नाही म्हटलं आणि ती तिथे शिकागोच्या एखाद्या चौथ्या मजल्यावर खिडकीत बसून झुरून मेली तर? पण व्हर्नेलला तेवढं पुरलं. ती मान हलवून उठली आणि आत्याचे कपडे भरायला गेली. मिस लूव्ही रडली नाही, ओरडली नाही. ती नुसती म्हणाली, "मला स्टेशनवरून जायचंय. घरून नाही."

मग अर्लीनच्या लक्षात जे आलं ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. "हॉलिस, तिचा खोका कोण करणार?"

खरंच की! गावातल्या प्रत्येकाने तिच्या हातचं खाल्लं होतं, आणि तिला बांधून द्यायचं कोणालाच माहीत नव्हतं. अर्लीनने पाउंड केक केला. चिकन मी तळलं, कारण मला वाटत होतं की हे काम माझं आहे. एका बाजूने करपलं. अंडी उकडली, पुडीत मीठ बांधायचं विसरलो. खोका माझ्याच बुटांचा. शेवटी दोरी घेतली.

"तिची गाठ येते का तुला?" अर्लीनने विचारलं.

येत होती. लहानपणापासून बघत आलोय. मी दोरी हातात धरून उभा राहिलो. गेलेल्याने गेलं पाहिजे, हे तिचंच म्हणणं. ती आवळगाठ मारली असती तर तिचा मान राहिला असता. मी बुटाच्या नाडीसारखी सुरगाठ मारली, एक टोक ओढलं की सुटणारी. अर्लीनने ते पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी गाव स्टेशनवर लोटलं. रेव्हरंड गॅडिसनी प्रार्थना म्हटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात म्हटली. डूली चांगला सूट घालून आला होता. मला वाटतं तो सूट त्याने स्वतःच्या अंत्यविधीसाठी काढून ठेवला होता. मिस लूव्ही रविवारची हॅट घालून व्हर्नेलच्या शेजारी गाडीत बसली. काच खाली केली. इतकी वर्षं ती खिडकीच्या बाहेर उभी असायची आणि खोका आत जायचा. आज मी बाहेर होतो. मी खोका आत दिला.

"वास चांगला येतोय," ती म्हणाली. "थोडं करपवलंस."

"हो."

"मांडीवर ठेव, आत्या," व्हर्नेल म्हणाली आणि इंजिन सुरू केलं. "पूल ओलांडला की खाऊ. मला नियम माहितीये. बाबांनी शंभर वेळा सांगितलाय."

मिस लूव्हीने खोका मांडीवर ठेवला. मग दोरीचं एक टोक धरून ओढलं.

तिने झाकण काढून पायाशी ठेवलं, मेणकागद उलगडला, तंगडी उचलली आणि आमच्याकडे बघत सावकाश चावायला लागली. पहिला आवाज डूलीचा फुटला. "अगं बाई! अलीकडेच!"

"आत्या," व्हर्नेल म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तुला नियम आठवत नाही का गं?"

"भूक लागली होती," मिस लूव्ही म्हणाली. "मीठ कुठाय?"

ती विसरली होती, की तिला सगळं आठवत होतं? मी अगदी जवळून तिचे डोळे बघत होतो. शपथेवर सांगतो, मला कळलं नाही. व्हर्नेललाही कळलं नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मग म्हणाली, माझ्याशी की स्वतःशी, "बाबा म्हणायचे, पुलापर्यंत त्यांचा हात सारखा त्या दोरीवर जात होता. मरेपर्यंत म्हणायचे. सोडली असती तर, सोडली असती तर."

तिने चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मग तिने आत्याच्या मांडीवरल्या खोक्यातून एक अंडं घेतलं, स्टिअरिंगवर आपटून फोडलं आणि टरफलं झग्यावर सांडत, मीठ नसलेलं, पूर्ण खाल्लं. गाडी त्या दिवशी पुलापर्यंत गेलीच नाही.

शिकागोचं घर व्हर्नेलने भाड्याने दिलं आणि रुळापलीकडच्या त्या घरात मागची खोली झाडून घेतली. मिस लूव्ही मला कधी हॉलिस म्हणते, कधी वॉर्डेल. मी दोन्हींना ओ देतो. कढईपाशी आता दोघी असतात, आणि व्हर्नेलला मिठाचा अंदाज अजून आलेला नाही. परवा सकाळी दुकान उघडलं तर खुर्चीवर खोका. तो कोणासाठी, कुठल्या गाडीसाठी, काही विचारलं नाही. खोका घेऊन फलाटावरच्या बाकावर जाऊन बसलो आणि ती गाठ सोडवायला लागलो.